एका रात्री एकच कथा

सकाळी साडेपाचला टेबलाशी बसल्यावर मी जे पहिले वाक्य लिहितो ते माझे नसते. आदल्या रात्री वाचलेली कथा पुस्तक न उघडता, जशी आठवेल तशी, वहीच्या एका पानात उतरवायची, हा माझा गेल्या अकरा वर्षांचा परिपाठ आहे. आणि लिहिणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो असे कोणी विचारले, तर त्याचे खरे उत्तर या पानापासून सुरू होते. त्या वेळी नाशिकच्या गंगापूर रोडवर दूधवाले आणि पहाटे फिरायला निघालेली मंडळी सोडली तर सामसूम असते, डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी राहिली तर पेन धरलेली बोटे आखडतात, आणि घरात आई आणि पत्नी दोघीही झोपलेल्या असतात. पान भरायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. मग चहा, मग रात्रीचे पुस्तक उघडून पडताळा, आणि त्यानंतर स्वतःची कथा, जी कधी दहा ओळी पुढे सरकते आणि कधी कालच्या दहा ओळी खोडून मागे जाते. घंटागाडीचे गाणे कोपऱ्यावर ऐकू आले की आठ वाजत आले असे समजून मी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन खाली उतरतो, आणि बहुतेक दिवशी कथेचे काम तिथेच थांबते.

पुढचा दिवस पोटापाण्याचा. सातपूर आणि अंबड इथल्या कारखान्यांसाठी मी यंत्रांच्या वापरपुस्तिका आणि सुरक्षा सूचना इंग्रजीतून मराठीत करतो, आणि जोडीला दोन प्रकाशकांची मुद्रिते तपासतो. मराठीत कथा लिहून कोणाच्या घरात महिन्याचा किराणा भरला जात नाही, त्यामुळे याबद्दल मला ना खंत आहे ना अभिमान. उलट या कामाने मला एक गोष्ट शिकवली, जी कोणत्याही कथा-कार्यशाळेत मला मिळाली नव्हती. ‘झाकण उघडावे, मात्र त्यापूर्वी वीजपुरवठा बंद केलेला असल्याची खात्री करावी’ असे वाक्य मी सुरुवातीच्या काळात एकदा लिहिले होते. व्याकरणात चूक नव्हती. पण कारखान्यातल्या पर्यवेक्षकाने ते वाचून मला विचारले, “साहेब, ‘उघडावे’ वाचलं की माणूस उघडणार ना? पुढचं वाचेपर्यंत हात आत गेलेला असतो.” वाचणारा वाक्य वाचत असतानाच त्यावर कृती करत असतो, ते संपेपर्यंत वाट पाहत नाही, हे मला त्या दिवशी कळले. कथेतही कोणती गोष्ट आधी कळते आणि कोणती नंतर, यावरच सगळा डोलारा उभा असतो, आणि सकाळच्या वहीत मी मुख्यतः तेवढेच शोधत असतो.

रात्रीचे वाचन आईमुळे सुरू झाले. तिला आता ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत आणि काचबिंदूने तिच्या डोळ्यांपुढचे अक्षर हळूहळू पुसून टाकले आहे. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून ती सार्वजनिक वाचनालयाची सभासद होती. १८४० साली स्थापन झालेले हे वाचनालय नाशिककरांच्या तोंडी ‘सावाना’ म्हणूनच ओळखले जाते. आईच्या पिशवीत भाजीच्या खाली नेहमी तिथले एक पुस्तक असे आणि त्या पुस्तकांना मेथीचा वास येत असे. डोळ्यांनी साथ सोडल्यावर तिने तक्रार केली नाही, फक्त एके दिवशी जेवणानंतर पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवले. तेव्हापासून रात्री साडेनऊला मी मोठ्याने एक कथा वाचतो. इंग्रजी पुस्तक असेल तर वाचता वाचता मराठी करत जातो. दिवसभर तोच धंदा असल्यामुळे जीभ फारशी अडखळत नाही, जरी एखाद्या शब्दाशी मी थबकलो की आई लगेच “सोड, पुढे चल” म्हणते.

एकच कथा, हा नियमही तिचाच. पहिल्या काही दिवसांतली गोष्ट आहे. एक कथा वाचून झाली, मला चांगलीच रंगत आली होती, आवाजही लागला होता, आणि मी पान उलटून पुढच्या कथेचे शीर्षक वाचले. आई म्हणाली, “अरे, थांब जरा. ती बाई अजून घरी पोचली नाहीये.” कथेतली बाई शेवटच्या परिच्छेदात बसस्टँडवर उभी होती, आणि लेखकाने तिला तिथेच सोडले होते. माझ्या दृष्टीने कथा संपली होती. आईच्या दृष्टीने ती बाई बसमध्ये चढणार होती, तिकीट काढणार होती, घराचे दार वाजवणार होती, आणि हे सगळे व्हायला पुस्तक मिटलेले असणे आवश्यक होते.

मी पुस्तक मिटले, आणि झोपेपर्यंत माझ्याही डोक्यात ती बाई प्रवास करत राहिली. तोपर्यंत मी कथासंग्रह कादंबरीसारखे वाचत आलो होतो, म्हणजे हातात घेतल्यावर संपेपर्यंत. महाविद्यालयात असताना जी. ए. कुलकर्णी यांचे ‘काजळमाया’ मी दोन दिवसांत वाचून काढले होते आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटत असे. आज प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या वाचनातून माझ्याकडे फक्त एक काळोखी शिल्लक राहिली. कोणत्या कथेत काय घडले हे मला आठवड्यानंतर सांगता आले नसते. १९७२ साली तो संग्रह निघण्याआधी त्यातल्या कथा नियतकालिकांमधून सुट्या सुट्या, महिन्यांच्या अंतराने वाचकांपर्यंत गेलेल्या होत्या. ज्यांनी त्या तशा वाचल्या त्यांना एका कथेतून बाहेर यायला वेळ मिळाला असेल, घरातली कामे, नोकरी, पाहुणे या सगळ्यांमधून ती कथा फिरली असेल. मी मात्र एका कथेचा शेवट ऐकू येण्याआधीच दुसरीची सुरुवात त्यावर लोटून दिली. संग्रह ही कथा साठवण्याची जागा आहे, वाचण्याची रीत नव्हे, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले आहे.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो याने १८४२ साली त्याचा समकालीन कथाकार हॉथॉर्न याच्या कथांविषयी लिहिताना, कथा वाचायला अर्धा तास ते एक-दोन तास लागावेत आणि ती एका बैठकीत संपावी, असे सांगितले होते. तेवढा वेळ वाचक संपूर्णपणे लेखकाच्या ताब्यात असतो, हे त्याचे कारण. हे वाक्य कथेवरच्या बहुतेक पुस्तकांत कुठे ना कुठे भेटते. वाचून झाल्यानंतरच्या तासाचे काय, हा प्रश्न मात्र मला आईने घातला. आता मी त्या तासाची सोय आधी पाहतो आणि मग कथा उघडतो. कामासाठी मुंबईला जायचे असेल तर सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरायची, इगतपुरी येईपर्यंत एक कथा संपवायची, आणि गाडी घाटाकडे निघाली की पुस्तक पिशवीत टाकायचे. पासधारकांचा पत्त्यांचा डाव समोर चालू असतो, बोगद्यांमधून उजेड-अंधार होत राहतो, कसारा घाट उतरताना ब्रेकचा एक जळका वास येतो, आणि त्या सगळ्यात कथेतला माणूस कुठेतरी बसलेला असतो. पावसाळ्यात घाटाकडे बघायचे सोडून दुसरी कथा उघडणारा माणूस तसाही मला संशयास्पद वाटतो.

वहीकडे परत येतो, कारण या साऱ्या दिनक्रमात उपयोगाची वस्तू तीच आहे. रात्री ऐकलेली, मग झोपेतून गेलेली कथा सकाळी लिहिताना चुका होतात, आणि माझ्या अनुभवाने सांगतो की त्या चुकांमध्येच खरा माल असतो. जे बरोबर आठवले ते कथानक. ते कोणालाही सांगता येते. जे चुकीचे आठवले तिथे कथेने माझ्याकडून काहीतरी करवून घेतलेले असते.

अलीकडचेच उदाहरण द्यायचे तर गेल्या आठवड्यात आईला रशियन कथाकार चेखोवची, पीटर्सबर्गमधल्या बर्फात गाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्या गाडीवानाची कथा वाचून दाखवली. ती जानेवारी १८८६ मध्ये एका दैनिकात छापली गेली तेव्हा चेखोव पंचविशी नुकतीच ओलांडलेला डॉक्टर होता. तिच्या रशियन शीर्षकाला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. ‘तगमग’ त्याच्या जवळ जातो. योना नावाच्या या गाडीवानाचा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे, आणि त्याला ते कोणाला तरी सांगायचे आहे. गाडीत आधी एक लष्करी अधिकारी बसतो, तो निदान ‘कशाने गेला’ इतके विचारतो आणि मग डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण बसतात, त्यांच्यातला एक कुबडा आहे, तो म्हणतो की सगळेच मरणार आहेत, आणि गाडी जोरात हाकायला सांगून मानेवर फटका देतो. पुढे एका घराच्या दरवानाशी योना बोलायला जातो, तर तो त्याला तिथून गाडी हलवायला सांगतो. मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठलेला असतो, योना त्याला सांगू लागतो, आणि तो डोक्यावरून पांघरूण ओढून झोपून जातो. शेवटी योना तबेल्यात आपल्या घोडीजवळ जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत या प्रसंगांचा क्रम अचूक लिहिला आणि शेवटच्या सात-आठ ओळींत योना घोडीला काय काय सांगतो ते लिहिले: मुलगा आजारी कसा पडला, त्याने किती सोसले, जाताना काय बोलला, प्रेत कसे नेले, इस्पितळातून त्याचे कपडे आणायला बाप कसा गेला. लिहिताना मला जराही शंका नव्हती. चहा घेऊन पुस्तक उघडले तर शेवटी यातले काहीच नाही. योना घोडीला म्हणतो की ओट्स मिळण्याइतकी कमाई झाली नाही म्हणून आज गवत खा. आपण म्हातारे झालो, गाडी मुलाने हाकायला हवी होती. तुला शिंगरू असते आणि ते गेले असते तर तुलाही वाईट वाटले असते ना, असेही विचारतो. घोडी गवत चघळते, ऐकते, धन्याच्या हातांवर श्वास सोडते. आणि शेवटचे वाक्य केवळ इतके सांगते की योना भान हरपून तिला सगळे सांगतो. कथा तिथे संपते. ते ‘सगळे’ कथेत लिहिलेलेच नाही.

मग मी जे लिहिले ते आले कुठून? तीन पाने मागे गेल्यावर सापडले. तरुण गाडीवान झोपी गेल्यानंतर एक परिच्छेद आहे, ज्यात योनाला काय काय सांगायचे आहे त्याची नुसती जंत्री आहे: आजार कसा सुरू झाला ते सांगायला हवे, मरण्याआधी तो काय बोलला ते, अंत्ययात्रा, इस्पितळातले कपडे. तपशील एकही नाही, फक्त सांगायच्या गोष्टींची शीर्षके. चेखोवने ती आमच्या हातात आधी देऊन ठेवली, आणि योना तबेल्यात बोलू लागला तेव्हा तो स्वतः बाजूला झाला आणि दार लोटून घेतले. आत काय बोलणे झाले ते ऐकणाऱ्याने स्वतः भरले, आणि सकाळी ते लेखकाचेच आहे असे समजून वहीत उतरवले. पर्यवेक्षकाच्या त्या प्रश्नाची मला आठवण झाली. क्रम उलटा असता, म्हणजे घोडीपुढे उभे राहून योनाने ती जंत्री म्हटली असती, तर तिचे भाषण झाले असते.

याच काळाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या तरुण डॉक्टरने आपली बुद्धी घाईच्या लिखाणात वाया घालवू नये, असे पत्र ज्येष्ठ लेखक ग्रिगोरोविच यांनी त्याला १८८६ साली पाठवले, आणि मार्चअखेर दिलेल्या उत्तरात चेखोवने कबूल केले की ज्या कथेवर आपण एका दिवसाहून अधिक काम केले अशी एकही कथा आपल्याला आठवत नाही. हे वाचून मला प्रथम हेवा वाटला होता आणि मग बरे वाटले. एका दिवसात लिहिलेल्या कथेतला एक परिच्छेद आधी आहे की नंतर, हे तपासायला नाशिकमधल्या एका अनुवादकाला दोन सकाळी लागतात. तर लागू देत.

सगळेच लेखक या वहीत मावत नाहीत. बाबूराव बागूल यांच्या कथा एका पानात लिहायला गेलो की माझ्या हाती घटनांचा कोरडा पंचनामा उरतो, कारण त्या कथांचा जोर घटनेत जितका आहे तितकाच वाक्याच्या तापमानात आहे, आणि ते तापमान माझ्या सकाळच्या शाईत उतरत नाही. बागूल इथलेच, १९३० साली विहितगावात जन्मले आणि २००८ साली नाशिकमध्येच वारले. नाशिक रोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना विहितगाव लागते, आणि बसच्या खिडकीतून ते मागे जाताना मला १९६३ सालच्या त्यांच्या संग्रहातली शीर्षककथा, ‘जेव्हा मी जात चोरली होती’, दर वेळी आठवते. रेल्वेच्या नोकरीवर परगावी रुजू झालेला तरुण जात न सांगता भाड्याने खोली घेतो, एवढा तिचा आरंभ. माझ्या वहीत ती कथा मारहाणीच्या प्रसंगावर संपली होती. पडताळून पाहिले तर ती त्यानंतर, मार खाल्लेला माणूस आणि त्याला सोडवणारा माणूस यांच्या बोलण्यावर थांबते. मी मार लक्षात ठेवला आणि मार कोणी दिला याचे मार खाल्लेल्याने दिलेले उत्तर विसरलो. ही चूक वाचनापेक्षा वाचणाऱ्याबद्दल जास्त सांगणारी होती, म्हणून त्या पानाला मी आजही एक दुमड घालून ठेवली आहे.

जी. एं.चे म्हणाल तर स्वतःची कथा चालू असताना मी त्यांना हात लावत नाही. लावला की आठवडाभर माझ्या वाक्यांना उपमांची पालवी फुटते, साध्या पितळी लोट्याला सुद्धा कोणत्यातरी शापित राजाच्या डोळ्यासारखे दिसावेसे वाटू लागते, आणि मग ते सगळे छाटायला आणखी एक आठवडा जातो. पत्नी हस्तलिखित वाचताना अशा ठिकाणी समासात नुसते ‘जी. ए.’ असे लिहिते. तेवढे पुरते.

आमच्यासारख्या लेखकांचे वर्ष मात्र जानेवारीत सुरू होत नाही. ते मे-जूनमध्ये, दिवाळी अंकाच्या संपादकाचे पत्र किंवा आजकाल फोनवरचा निरोप आला की सुरू होते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम ठरून गेला आहे, जसा नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या छाटणीचा हंगाम ठरलेला असतो. ऑक्टोबरमध्ये फटाक्यांच्या वासात वाचली जाणारी कथा ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपादकाच्या हाती पडावी लागते, म्हणजे ती लिहिली जाते ऐन पावसाळ्यात. गंगापूर धरणातून पाणी सोडले की अवघे नाशिक गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले ते पाहून येते, आणि पुराची चर्चा गुडघा, कंबर, छाती अशा मापांत चालते. माझ्या घरी त्याच सुमारास कथेची चर्चा त्याच मापांत चालते. पत्नी विचारते, “कुठवर आलंय?” आणि बऱ्याचदा जुलै संपला तरी मी गुडघ्यावर असतो.

या हंगामाचा एक तोटा मला सोसावा लागला, तोही इथेच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली आणि शेवटच्या अकरा ओळी गायब होत्या. पाने लावताना ऐनवेळी अर्ध्या पानाची जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि कापायला सर्वांत सोपी जागा शेवटची असते. माझी कथा जिथे मुलगा वडिलांची सायकल जिन्याखालून बाहेर काढतो तिथेच थांबली, आणि तिच्या खाली कोथिंबिरीएवढ्या अक्षरांत एका गृहप्रकल्पाच्या सदनिकांचे दर सुरू झाले. मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “जागाच नव्हती हो, पण वाचकांना शेवट फार आवडलाय.” हे खोटे नव्हते, पुढच्या महिनाभरात जी चार-पाच पत्रे आली त्यांत ‘न बोलता थांबणारा शेवट’ म्हणून त्या कापाकापीचेच कौतुक होते. राग शांत व्हायला दिवाळी उलटून गेली. मग संग्रहासाठी ती कथा पुन्हा हातात घेतली तेव्हा त्या अकरा ओळी वेगळ्या कागदावर लिहून समोर ठेवल्या. आठ ओळींमध्ये मी मुलाला काय वाटले ते सांगत होतो, जे सायकलच्या वर्णनात आधीच येऊन गेले होते. तीन ओळींमध्ये तो सायकलची हवा तपासतो. तीन परत घेतल्या, आठ टाकून दिल्या. संपादकांना हे मी अजून सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही, कारण लेखकाला न विचारता शेवट कापणे हे चूकच आहे, मग तो कितीही बरा कापला गेलेला असो.

‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याकडून साभार परत येण्याचा मान मला मिळाला नाही. ज्यांना मिळाला ती ज्येष्ठ मंडळी आजही त्या पत्रांबद्दल बोलतात: कथा परत यायची, पण तिच्याबरोबर कुठे काय अडते आहे ते सांगणारे पत्र यायचे, आणि लेखक पुन्हा लिहायला बसायचा. आता संपादक सज्जन असतात, घाईत असतात, आणि कथा एकतर छापतात किंवा काही कळवतच नाहीत. मधले जे बोलणे होते ते आम्हाला कुठूनतरी मिळवावे लागते. मला ते पत्नीच्या समासातून, सकाळच्या वहीतून आणि आईच्या प्रश्नांमधून मिळते.

तिचे प्रश्न कथा संपल्यावर कधीच येत नाहीत. ती पाणी पिते, डोळ्यांत थेंब घालून घेते आणि झोपते. प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी, कधी तिसऱ्या दिवशी, शेंगा सोलताना येतो, आणि तोवर मी ती कथा वहीत बंद करून पुढच्या कथेला लागलेलो असतो. गाडीवानाच्या कथेनंतर दोन दिवसांनी, मी एका पंपाच्या देखभालीची सूचना घेऊन बसलो असताना, ती म्हणाली, “काय रे, त्या मुलाचं नाव त्याने आधी कोणाला सांगितलं होतं का?”

“सांगितलं असेल की. का?”

“मला घोडीपाशीच ऐकल्यासारखं वाटतं.”

मी उठून वही आणली. माझ्या पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले होते: ‘योना या गाडीवानाचा मुलगा कुझ्मा याच आठवड्यात वारला आहे.’ मग पुस्तक काढले आणि कथा पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून वाचत गेलो. अधिकाऱ्याजवळ तो ‘माझा मुलगा’ म्हणतो. तीन तरुणांजवळ ‘माझा मुलगा’. झोपू पाहणाऱ्या गाडीवानाजवळही तेच. गावी राहिलेल्या मुलीचे नाव मध्ये येऊन जाते, अनिस्या. मुलाचे येत नाही. ते पहिल्यांदा आणि एकदाच उच्चारले जाते ते तबेल्यात, घोडीपाशी, आणि तेही बापाच्या नावासह, एखाद्या मोठ्या माणसाचे घ्यावे तसे: कुझ्मा योनिच.

आईला तसे सांगितले. ती “हं” म्हणाली आणि शेंगांचे ताट पुढे सरकवले. मी वहीतल्या पहिल्या ओळीतले ‘कुझ्मा’ खोडले, पानाच्या तळाशी जिथे घोडी येते तिथे ते लिहिले, आणि पंपाच्या सूचनेकडे वळलो. रात्रीसाठी पुस्तक अजून निवडायचे होते, पण आई म्हणाली की आज राहू दे.